भाजी कुणाच्या ताटात किती? बावन्न देशांचा एक पेपर वाचताना

पेट निघाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असाल. या टप्प्यावर एक विषय हमखास सुचतो: 'अमुक गोष्टीचे वय व लिंगानुसार विश्लेषण'. मलाही तोच सुचला होता. माझ्याकडे अमुकच्या जागी फळं आणि भाज्या होत्या. काम सोपं वाटतं. वयाचा रकाना आहे, स्त्री-पुरुषाचा रकाना आहे, सॉफ्टवेअरला सांगितलं की टेबल तयार. आज असंच एक टेबल तुमच्यासोबत वाचायचं आहे. ते जाणत्या लोकांनी नीट केलेलं आहे, आणि तरीही त्यातून जे कळायला हवं होतं ते कळत नाही. म्हणूनच ते निवडलं. वाईट पेपरवर टीका करून आपण फारसं काही शिकत नाही.

पेपर आहे हॉल आणि सहकाऱ्यांचा, २००९ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन'मध्ये आलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २००२-०३ मध्ये 'वर्ल्ड हेल्थ सर्व्हे' घेतला होता. (भारतात तो सहा राज्यांत झाला, त्यात महाराष्ट्रही होता.) त्यातली ५२ देशांतल्या १,९६,३७३ प्रौढांची माहिती या मंडळींनी वापरली. विचारलेले प्रश्न दोनच: साधारण एका दिवसात तुम्ही फळांची किती सर्व्हिंग खाता, आणि भाज्यांची किती. दोन्हींची बेरीज पाचच्या खाली आली की तो माणूस 'कमी खाणारा'. पाचच का? तर जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ यांच्या २००३ च्या अहवालात दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगितल्या आहेत, आणि एक सर्व्हिंग ८० ग्रॅमचं धरतात. बटाटा आणि तसले पिठूळ कंद यात मोजत नाहीत. म्हणजे आपल्या डब्यातली बटाट्याची भाजी या हिशेबात भाजीच नाही. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगताना काय होतं ते फील्डवर गेलात की कळेलच.

निष्कर्ष असे. एकूण ७७.६ टक्के पुरुष आणि ७८.४ टक्के स्त्रिया कमी खातात. देशादेशांत अंतर प्रचंड: घानात पुरुष ३६.६ आणि स्त्रिया ३८.० टक्के, तर पाकिस्तानात ९९.२ आणि ९९.३. स्त्री-पुरुषांतला फरक १५ देशांत सिग्निफिकंट निघाला. आणि सर्वसाधारणपणे वय वाढतं तसं कमी खाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, उत्पन्न वाढतं तसं ते घटतं.

आधी या पेपरचं श्रेय त्याला देऊ. देशादेशांची तुलना करायची म्हटलं की पूर्वी हाताशी असायचे ते मुख्यतः एफएओचे अन्न-ताळेबंद. देशात किती पिकलं, किती आयात झालं, किती निर्यात झालं, आणि उरलेलं भागिले लोकसंख्या. त्या भागाकारात ना वय असतं ना लिंग. शंभर किलो टोमॅटो कुणी खाल्ले, हे तो सांगूच शकत नाही. इथे निदान माणसाला गाठून विचारलं, आणि ५२ देशांत एकाच शब्दांत विचारलं. हे लहान काम नाही.

आता ७७.६ आणि ७८.४ कडे पुन्हा बघा. फरक ०.८ टक्केबिंदूंचा. दोन लाखांच्या जवळपास नमुना असेल तर एवढासा फरकही चाचणीत 'सिग्निफिकंट' निघू शकतो, पण तो मुद्दा तुम्हाला कोर्सवर्कमध्ये शिकवलेला असेल. ५२ देशांत ५२ वेळा ५ टक्क्यांच्या पातळीवर चाचणी केली तर निव्वळ योगायोगानेही दोन-तीन देशांत फरक दिसेल, हेही शिकवलेलं असेल. १५ हा आकडा त्याहून बराच मोठा आहे, त्यामुळे फरक खरे आहेत असंच मानायला हवं. माझी तक्रार दुसरी आहे. हा फरक कशातला आहे?

तो 'किती खाल्लं' यातला नाहीच. तो 'पाचची रेघ ओलांडली का' यातला आहे. एक घर घ्या. नवरा दिवसाला ३९० ग्रॅम फळं-भाज्या खातो, बायको १५०. दोघेही कमी खाणारे, दोघेही एकाच खान्यात, या घरात स्त्री-पुरुष फरक शून्य. शेजारच्या घरात नवरा ४१० खातो आणि बायको ३९०. इथे मात्र फरक नोंदवला गेला. पहिल्या घरात अडीच पटींचं अंतर आहे आणि टेबलाला ते दिसत नाही. दुसऱ्या घरात एका लहानशा टोमॅटोएवढंही अंतर नाही आणि ते दिसतं. चारशेची रेघ आजार टाळण्याच्या दृष्टीने, धोरणासाठी आखलेली आहे आणि त्या कामाला ती ठीक आहे. 'कोण किती खातं' हे तिच्यावरून ठरवायला गेलं की असं होतं. मोजून मिळवलेला आकडा आपणच हो-नाहीत बदलतो आणि मग फरक सापडत नाही म्हणून हळहळतो.

घाना आणि पाकिस्तान शेजारी ठेवले की आणखी एक गंमत दिसते. घानात रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं आहेत, त्यामुळे वय, लिंग, उत्पन्न यांचा काही परिणाम असेल तर तो दिसायला जागा आहे. पाकिस्तानात शंभरातले नव्व्याण्णव एकाच बाजूला. तिथे स्त्री-पुरुष फरक दिसणार कुठे? उरलेल्या एका माणसात? आणि नेमकं अशाच ठिकाणी ऑड्स रेशो फसवतो. करून बघा. पुरुषांचे ऑड्स ९९.२ भागिले ०.८, म्हणजे १२४. स्त्रियांचे ९९.३ भागिले ०.७, म्हणजे साधारण १४२. भागाकार १.१४. आता कुणी मथळा दिला की 'स्त्रियांनी कमी खाण्याची ऑड्स १४ टक्क्यांनी जास्त', तर गणित बरोबर आहे. प्रत्यक्षात मात्र अंतर हजारात एका माणसाचं आहे. लॉजिस्टिक रिग्रेशन चालवण्याआधी साधी टक्केवारी बघा, असं आमच्या सांख्यिकीच्या सर दरवर्षी का ओरडायच्या ते मला हे गणित हाताने केल्यावर कळलं. (हो, सर. आमच्या विभागात मॅडमनाही सरच म्हणतात.)

हे फक्त पाकिस्तानचं नाही. आपल्याकडे २०१७-१८ मध्ये राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार देखरेख सर्वेक्षण झालं, १८ ते ६९ वयाच्या लोकांचं. त्यात पाचपेक्षा कमी सर्व्हिंग खाणारे निघाले ९८.४ टक्के. भारत फळं-भाज्या कमी खातो हे सांगायला हा आकडा उत्तम आहे. पण भारतात *कोण* कमी खातं हे त्यावरून विचारू नका. शंभर मुलांच्या वर्गात अठ्ठ्याण्णव नापास झाले तर त्या निकालावरून मुली पुढे की मुलगे, हे सांगता येत नाही. त्यासाठी गुण बघावे लागतात. आणि आता आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. रेघ आणखी वर गेली. या नव्या रेघेवर हो-नाही करायला कुणी बसलं तर उरलेसुरलेही तिच्याखाली येतील.

वयाबद्दल. 'वय वाढतं तसं खाणं कमी होतं' हे वाक्य मी माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये जसंच्या तसं उचललं होतं. पण सर्व्हे एकदाच घेतलेला आहे. २००३ मध्ये सत्तर वर्षांचा असलेला माणूस १९३३ च्या आसपास जन्मला. तो म्हातारपणी कमी खायला लागला, की पहिल्यापासूनच कमी खात आला, हे एका भेटीत कळणं शक्य नाही. दुसरं असं की इंग्लंडच्या आरोग्य सर्व्हेत चित्र उलटं दिसतं: सगळ्यात कमी फळं-भाज्या खातात ती १६ ते २४ ची पोरं, आणि स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त खातात. तिथल्या वयस्क मंडळींवर बेकर आणि वॉर्डल यांचा २००३ चा अभ्यास आहे. पुरुष कमी खातात यामागचा बराच भाग त्यांच्या आहारविषयक अज्ञानाने समजावून देता येतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे तिकडे प्रश्न माहितीचा आणि आवडीचा. वयाचा परिणाम एका देशात एका दिशेने आणि दुसऱ्या देशात उलट्या दिशेने जात असेल, तर तो शरीराच्या वयाचा परिणाम असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे सत्तरीच्या आजीला पेरू चावत नाही, केळं चालतं, पण केळी आणायला दुसऱ्याने बाजारात जायचं असतं आणि पैसे तिसऱ्याने द्यायचे असतात. टेबलात या सगळ्याचं नाव 'वय'.

मग दुसरी साधनं बघू, कारण सिनॉप्सिसमध्ये तुम्ही 'सेकंडरी डेटा' असं लिहिणारच आहात.

पहिलं, घरखर्चाचा सर्व्हे. वांगी किती किलो, कोथिंबिरीवर किती रुपये, सगळं त्यात आहे, पण एकक आहे घर. घरात आलेली भाजी कुणाच्या पोटात गेली हे त्यात नाही. मग संशोधक काय करतात? एनएसएसओच्या पोषण-अहवालांत 'उपभोग एकक' नावाची मापपट्टी असते: २० ते ३९ वयाचा पुरुष म्हणजे १.००, त्याच वयाची स्त्री म्हणजे ०.७१. ही पट्टी कॅलरींच्या गरजेवरून केलेली आहे आणि कॅलरींपुरती ती समजण्यासारखी आहे. पण मी असे प्रबंध पाहिलेत ज्यांत हीच पट्टी भाजीला लावली आहे. घरात दिवसाला ६०० ग्रॅम भाजी, एक नवरा, एक बायको. ६०० भागिले १.७१. नवऱ्याला ३५१ ग्रॅम, बायकोला २४९. आणि पुढच्या प्रकरणात निष्कर्ष: 'स्त्रियांचे भाजीसेवन पुरुषांपेक्षा कमी आढळले.' अहो, आढळलं कुठे? तुम्हीच तर घातलं होतं! व्हायव्हात असा प्रश्न आला तर काय उत्तर देणार, हे आधीच ठरवून ठेवा.

दुसरं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष. इथे प्रश्न व्यक्तीला विचारलाय: 'तुम्ही स्वतः' हे पदार्थ रोज, आठवड्यातून, कधीतरी की कधीच नाही? त्या 'स्वतः' या शब्दासाठी मी प्रश्नावली तयार करणाऱ्यांना मनापासून दाद देते. पण किती खाता ते विचारलेलं नाही. रोज एक फोड आणि रोज एक वाटी, दोन्ही 'रोज'च. यादीत भाज्यांच्या नावाने आहेत त्या गडद हिरव्या पालेभाज्या. वांगं, भेंडी, दोडका, गवार, कोबी कुठेच नाहीत. स्त्रिया १५ ते ४९ च्या, पुरुष १५ ते ५४ पर्यंतचे, त्यामुळे मघाची ती आजी इथेही नाही. आणि महाराष्ट्र होता पहिल्या टप्प्यात, जून २०१९ ते जानेवारी २०२० या काळातल्या. फळांबद्दल विचारताना एप्रिल-मे टळलेला, म्हणजे आंबा, करवंदं, जांभळं यांचा ऐन हंगाम मागे पडलेला. माणूस उत्तर देतो ते त्याला आठवतं तेवढ्यावरून, आणि सप्टेंबरात कुणाला करवंदं आठवत नाहीत.

पोरं बांधावर जे खातात ते तर कुणालाच आठवत नाही. चिंचा, बोरं, आवळे, कच्च्या कैऱ्या. आईला विचारलं तर ती घरात दिलेलं सांगणार. ग्रामीण मुलांचं फळ खाणं कमी, असं वाचलंत की आधी बघा, उत्तर कुणी दिलं होतं.

आता माझी फजिती. पायलटसाठी मी एका गावात चोवीस तासांची आहार-आठवण घेत होते. काल सकाळपासून काय काय खाल्लंत, किती वाट्या, अशी. एका घरी काका म्हणाले, शेवग्याच्या शेंगांचा रस्सा, एक वाटी. काकूंना वेगळं बसवून विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, सगळी जेवत्यात तेच मी बी जेवते. येक वाटी लिव्ह." मी लिहिलं. दोघांचे ग्रॅम सारखे आले. अशी दहा-बारा घरं झाल्यावर मी अहवालात लिहिलं, 'स्त्री-पुरुषांच्या भाजीसेवनात फरक आढळला नाही'. गाईडनी 'आढळला नाही'खाली रेघ मारून शेजारी लिहिलं, 'की शोधला नाही?' मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पुढच्या फेरीत त्याच काकूंनी जेवायला थांबवून घेतलं. काका, त्यांचा नातू आणि मी पहिल्या पंगतीला. पळीने वाढताना शेंगा आमच्या ताटांत येत होत्या. काकू सगळ्यात शेवटी बसल्या. त्यांच्या वाटीत रस्सा होता, भाकरी होती, ठेचा होता. शेंगेचा एक तुकडा होता, बहुतेक. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. वाटी एकच होती.

हे मी इतकं लांबवून सांगतेय, कारण आहार-आठवणीची ही पद्धत आपल्याकडची सगळ्यात चांगली पद्धत आहे. राष्ट्रीय पोषण देखरेख ब्युरोने, म्हणजे हैदराबादच्या एनआयएनमधल्या एनएनएमबीने, १९७२ पासून अनेक राज्यांत ती वापरली. महाराष्ट्र त्यात होता. शिजवायला घेतलेला कच्चा माल किती, शिजून पदार्थ किती झाला, आणि त्यातला प्रत्येकाने किती घेतला, हे ठरावीक मापाच्या वाट्यांनी मोजायचं. मग वाटीवरून परत कच्च्या भाजीच्या ग्रॅमवर यायचं. वय आणि लिंगानुसार खरोखर *किती* हे सांगणारी आकडेवारी आपल्याला मिळाली ती या कष्टातून. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे: पातेल्यातला पदार्थ सगळीकडे सारखा असतो. पिठल्याला ते लागू पडतं, पालकाच्या पातळ भाजीलाही बऱ्यापैकी. शेंगांच्या रश्शाला, भरल्या वांग्याला, दुधी घातलेल्या आमटीला नाही. आणि फोडी कुणाला आणि रस्सा कुणाला, हेच तर आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. आयएचडीएस या सर्व्हेत घरात आधी कोण जेवतं, पुरुष की बायका की सगळे एकत्र, असा प्रश्न आहे. भाजीचे ग्रॅम आणि हा प्रश्न एकाच प्रश्नावलीत आले तर बरंच काही हाती लागेल.

दोन गोष्टी घाईने सांगते. पुरुषाचं एकूण जेवणच जास्त असतं, त्यामुळे नुसत्या ग्रॅमवर तो पुढे दिसू शकतो. म्हणून दर १००० कॅलरींमागे किती, हेही काढा आणि दोन्ही टेबलं शेजारी द्या. आणि फळं व भाज्या कृपा करून वेगळ्या ठेवा. आपल्याकडे त्यांची वाट वेगळी आहे. भाजी पातेल्यातून वाढली जाते, फळ हातात येतं. शिवाय उपवास! एकादशी, संकष्टी, सोमवार, हरतालिका, आणि ते करणाऱ्यांत बायका किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी भाजी शून्य, फळ कदाचित जास्त, आणि साबुदाण्याची खिचडी व रताळं हिशेबात नाहीच. 'साधारण दिवस' विचारलात तर बाई उपवासाचा दिवस सोडून उत्तर देते, कारण तिच्या मते तो साधारण दिवस नसतो. आठवड्यातले दोन दिवस असे गेले तर?

आता माझ्या फॉर्मवर रस्सेदार भाजीपुढे एक छोटा रकाना आहे: 'वाटीत फोडी किती?' पहिल्यांदा तो घेऊन गेले ते काकूंकडेच. त्या हसायला लागल्या. "मोजणार व्हतीस तर आदी सांगायचं की गं पोरी, दोन ठिवल्या असत्या." म्हणून आता एकाच घरी दोन वेगवेगळ्या वारी जाते, दुसऱ्या भेटीचा दिवस आधी सांगत नाही, आणि उपवास होता का हे पहिल्याच ओळीत विचारते. फॉर्म नऊ पानांवरून अकरा पानांवर गेलाय. गाईड म्हणतात दोन पानं कमी कर. कुठली करायची ते अजून ठरत नाहीये.